पेशींपर्यंत न पोचलेले बीएमपी-२ : एका सपाट आलेखाची उकल

मानवी रिकॉम्बिनंट बीएमपी-२, म्हणजे हाड घडवायला लावणारे वाढ-प्रथिन. ५ ते ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा सहा मात्रा, उंदराच्या सी२सी१२ पेशी (एरवी स्नायू घडवणाऱ्या), तीन दिवसांची वाढ आणि शेवटी अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी) या विकराची, म्हणजे पेशी हाडाच्या वाटेला लागल्याच्या खुणेची, मोजणी. मात्रेबरोबर आलेख चढायला हवा होता. तो सरळ आडवा आला. कोऱ्या वेलमध्ये (प्लेटच्या बीएमपी-२ न घातलेल्या खळग्यात) जेवढी क्रियाशीलता, जवळपास तेवढीच ५०० नॅनोग्रॅमच्या वेलमध्ये. महागडी कुपी संपत आलेली, आणि 'प्रथिन मेलेलं आलंय, कंपनीला मेल टाका' हा निष्कर्ष टेबलाभोवती पक्का झालेला.

हे प्रकरण कुठल्या एका लॅबचे नाही. या प्रथिनाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका एकाच प्रयोगात बसवून ते मांडले आहे. पद्धतीतले आकडे मात्र रोज वापरायचे आहेत.

तक्रार घेऊन कोणी आले की पहिला प्रश्न एकच विचारायचा : कुपी उघडल्यापासून पेशींवर पडेपर्यंत प्रथिनाचे काय काय झाले? वहीत सापडले ते असे. सीएचओ (हॅमस्टरच्या अंडाशयाच्या) पेशींत बनवलेली, वाहक प्रथिन (सोबतीला घातलेले दुसरे प्रथिन) नसलेली १० मायक्रोग्रॅमची कुपी. त्यात १ मिलिलिटर निर्जंतुक पीबीएस (उदासीन सामूचे, फॉस्फेट असलेले मिठाचे द्रावण) घातले. 'खात्रीसाठी' ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढले. साध्या पॉलिस्टायरीन ट्यूबमध्ये भरून ४ अंशांवर ठेवले आणि दोन आठवडे त्यातूनच वापरले. मात्रांची उतरण सीरम नसलेल्या डीएमईएम या पेशी-माध्यमात, ९६ वेलच्या प्लेटमध्ये केली. तिसऱ्या दिवशी पेशी रिपा या डिटर्जंटयुक्त बफरमध्ये फोडल्या. त्याच लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रवावर) पुढे वेस्टर्न ब्लॉटही, म्हणजे प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिनाची पट्टी शोधण्याची चाचणी, करायचा होता, म्हणून बफरमध्ये फॉस्फटेज-रोधकांचे मिश्रण घातले होते.

जाणकाराला या परिच्छेदात निदान चार ठिकाणी ठेच लागेल. पण चार चुका दिसल्या म्हणून चारही एकदम दुरुस्त करून प्रयोग पुन्हा लावणे हा वाईट मार्ग. त्यातून आलेख चढला तरी तो कशामुळे चढला ते कळत नाही, आणि नाही चढला तर आणखी एक कुपी गेलेली असते.

पाण्याशी न पटणारे प्रथिन

बीएमपी-२ हे नेहमीच्या ग्रोथ फॅक्टरांसारखे वागत नाही, याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. पेशीत ते ३९६ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात तयार होते. त्यातले शेवटचे ११४ कापून निघतात, तेच परिपक्व प्रथिन. अशा दोन साखळ्या एका डायसल्फाइड बंधाने जोडल्या जातात. प्रत्येक साखळीत सात सिस्टीन असतात : सहा आतल्या आत तीन गाठी मारतात, सातवे जोडीदाराला धरते. काम करते ती ही जोडी, म्हणजे डायमर. सुटी साखळी रिसेप्टरला (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला) नीट चालवू शकत नाही. जोडीचे वजन साखरेशिवाय सुमारे २६ किलोडाल्टन; सीएचओ पेशींतल्या प्रथिनावर साखर चढलेली असल्याने ते जेलवर त्याहून वर दिसते. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनावर साखर नसते. ते जिवाणूच्या आत न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साचते आणि नंतर काचपात्रात पुन्हा घडी घालून घ्यावे लागते.

सुरुवातीच्या टोकाला धन भार असलेल्या अमिनो आम्लांची गर्दी आहे. शरीरात त्या टोकाने हे प्रथिन हेपरानला (पेशींभोवतीच्या ऋण भाराच्या शर्करा-साखळ्यांना) चिकटून राहते. उरलेला पृष्ठभाग बराचसा पाण्यापासून पळणारा. परिणाम असा की आम्लात ते सुखाने विरघळते, उदासीन सामूवर आणि क्षारांच्या सहवासात एकमेकांना बिलगून खाली बसू लागते, आणि आजूबाजूला दुसरे प्रथिन नसेल तर प्लास्टिकला धरते.

हा हट्ट जुनाच आहे. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले आणि तिथे नवे हाड तयार होते हे दाखवले, पण त्यामागचा घटक वेगळा काढायला कित्येक वर्षे गेली. १९८१ मध्ये संपत आणि हरी रेड्डी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी तो हाडाच्या चौकटीतून सोडवला, तोही ४ मोलर ग्वानिडीन किंवा ८ मोलर युरियासारखी प्रथिनांची घडी उलगडणारी जालीम द्रावणे वापरून. जनुके हाती लागली १९८८ मध्ये, वोझनी आणि सहकाऱ्यांकडून. (त्या वेळी बीएमपी-१ असे नाव मिळालेले प्रथिन पुढे या कुटुंबातले नसून कोलॅजेनचे टोक कापणारे विकर निघाले. नाव मात्र तसेच राहिले.) ज्याला हाडातून सोडवायला ग्वानिडीन लागले, ते पीबीएसमध्ये निमूट राहील अशी अपेक्षाच चुकीची होती.

संशय कुरिअरवर

पहिला आरोप नेहमी प्रवासावर होतो : पार्सल उन्हात पडले, बर्फ वितळला होता. सुकवलेल्या प्रथिनाच्या बाबतीत हा आरोप क्वचितच टिकतो. लायोफिलाइज्ड स्वरूपात ते काही दिवस खोलीच्या तापमानाला तग धरते. अनेक पुरवठादार ते बर्फाशिवायच पाठवतात. द्रावण करून झाल्यानंतर मात्र ही सवलत संपते. दुसरी नेहमीची तक्रार 'कुपी रिकामीच होती' अशी असते. १० मायक्रोग्रॅम पावडर डोळ्यांना दिसत नाही. ती तळाशी, काचेवर किंवा झाकणाच्या आत चिकटलेली असते. म्हणून उघडण्याआधी कुपी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. हे न करता झाकण काढले तर काही भाग झाकणाबरोबर कचऱ्यात जातो.

प्रकरणाचा खरा धागा आलेखाच्या आकारात होता, आणि तो कोणी पाहिला नाही. प्रथिन प्लास्टिकला चिकटून किंवा खाली बसून वाया जात असेल, तर नुकसान सगळ्या मात्रांना सारखे होत नाही. प्लास्टिकवरच्या चिकटण्याच्या जागा ठरावीक असतात. कमी मात्रेत जवळपास सगळे प्रथिन त्यांतच खपते, मोठ्या मात्रेत त्या भरून वर काही उरते. म्हणजे आलेख उजवीकडे सरकायला हवा : खालच्या मात्रा मेलेल्या, वरच्या एकदोन थोड्या जिवंत. ५०० नॅनोग्रॅमलाही काहीच दिसत नाही याचा अर्थ प्रथिन पूर्ण नष्ट झाले, किंवा मोजणीच आंधळी झाली. या दोन शक्यता वेगळ्या करायला तीन दिवस थांबायची गरज नाही.

अर्ध्या तासाची साक्ष

बीएमपी-२ पेशीवर पडले की प्रकार एक आणि प्रकार दोनचे रिसेप्टर एकत्र येतात आणि आतली स्मॅड १, ५ आणि ९ ही प्रथिने फॉस्फेट घेतात. हे १५ ते ६० मिनिटांत होते. एएलपी त्यानंतर दोन-तीन दिवसांनी येते आणि मधल्या काळात बिघडण्यासारखे बरेच असते. म्हणून मधोमध चिरायचे : फॉस्फो-स्मॅड पाहायचे. ते दिसले तर प्रथिन जिवंत, दोष पुढच्या टप्प्यात. नाही दिसले तर दोष मागे.

त्यासाठी पेशी ७० टक्के भरल्यावर तीन-चार तास ०.५ टक्के सीरममध्ये उपाशी ठेवायच्या, कारण गाईच्या सीरममध्येही थोडे बीएमपी असते आणि कोऱ्या वेलमध्येच पट्टी उजळते. उपासाच्या माध्यमात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन, इथले वाहक प्रथिन) घालायला विसरायचे नाही, नाहीतर प्रथिन पुन्हा प्लास्टिकला धरणार. मग पाच वेल. एकात फक्त द्रावक, एकात जुन्या पीबीएस साठ्यातून २०० नॅनोग्रॅम, एकात नव्या साठ्यातून २००, एकात नव्या साठ्यातूनच ५०, आणि शेवटच्यात अर्धा तास आधी १०० नॅनोमोलर एलडीएन-१९३१८९ घालून मग नवे २००. एलडीएन हा या रिसेप्टरांचा रोधक आहे. पट्टी त्याने विझली तर ती खरोखर या मार्गाची आहे हे ठरते. अर्ध्या तासाने पेशी थंड पीबीएसने धुऊन फोडायच्या. फॉस्फटेज-रोधक इथे घालायचेच, नाहीतर फॉस्फेट गळून जाते. ब्लॉटवर साधारण ६० किलोडाल्टनला पट्टी बघायची आणि एकूण स्मॅड-१ ची पट्टी जोडीला ठेवायची.

या प्रकरणात जुन्या साठ्याने फिकट पट्टी दिली. नव्याने ठळक दिली, ५० नॅनोग्रॅमलाही. एलडीएनने ती गेली. जुना साठा मेलेला नव्हता, विरळ झालेला होता. वहीत लिहिलेले २०० आणि पेशींना मिळालेले २०० यांत मोठी तफावत होती.

नवा साठा तयार करताना कुपीची माहितीपत्रिका आधी वाचायची, कारण ई. कोलायच्या आणि सीएचओच्या प्रथिनांना कधी कधी वेगळा द्रावक सांगितलेला असतो. इथल्या कुपीसाठी ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ टक्का बीएसए हे नेहमीचे जोडपे. १ मोलर आम्लाचे ०.४ मिलिलिटर घेऊन पाणी घालत १०० मिलिलिटर करायचे, त्यात १०० मिलिग्रॅम पेशी-संवर्धनाच्या दर्जाचे बीएसए विरघळवायचे आणि हे द्रावण ०.२ मायक्रॉनने गाळायचे. गाळायचे ते द्रावकच, प्रथिन पडण्याआधी. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या विरळ आणि वाहक नसलेल्या प्रथिनाला फिल्टरचा पडदा म्हणजे चिकटायला आयती जागा, आणि जुन्या साठ्याचे पहिले मोठे नुकसान बहुधा तिथेच झाले. दुसरे पीबीएसमध्ये, आणि तिसरे त्या पॉलिस्टायरीन ट्यूबमध्ये दोन आठवड्यांत.

फिरवलेल्या कुपीत १०० मायक्रोलिटर द्रावक भिंतीवरून सोडायचा. साठा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर झाला. पिपेटने जोरात फुंकायचे नाही, व्हॉर्टेक्सवर धरायचे नाही. कुपी तिरकी फिरवत भिंत ओली करायची आणि १५-२० मिनिटे तशीच ठेवायची. मग कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन ट्यूबमध्ये १०-१० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० अंशांत. वितळवलेला वाटा परत गोठवायचा नाही. उरले तर फेकायचे. जिवावर येते, पण गोठवणे-वितळवण्याच्या प्रत्येक फेरीत थोडे थोडे हरवते आणि किती हरवले ते कळायला मार्ग नसतो.

वाहक नसलेली कुपीच मागवली होती, कारण पुढे ते प्रथिन स्कॅफोल्डवर (पेशी वाढवायच्या सच्छिद्र सांगाड्यावर) रासायनिक बंधाने जोडायचे होते. तिथे बीएसए असेल तर जागा तेच अडवते. त्या कामासाठी एक वाटा निव्वळ आम्लात, जास्त संहत करून वेगळा ठेवायचा. पेशींच्या प्रयोगासाठी मात्र वाहकाला पर्याय नाही.

पेशींना मात्रा देताना मधल्या पायऱ्या जितक्या कमी तितके बरे. २४ वेलच्या प्लेटमध्ये ०.५ मिलिलिटर माध्यम आणि २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवे, म्हणजे वेलला १०० नॅनोग्रॅम, म्हणजे साठ्याचा १ मायक्रोलिटर. एवढासा थेंब प्रत्येक वेलमध्ये मोजणे बेभरवशाचे, म्हणून तीन वेलपुरते १.६ मिलिलिटर माध्यम ट्यूबमध्ये घेऊन त्यात ३.२ मायक्रोलिटर मिसळायचे आणि मग वाटायचे. माध्यमात ५ टक्के सीरम आधीच असावे आणि थेंब हलवत सोडावा, म्हणजे आम्लातून उदासीन सामूत येतानाच प्रथिनाला सोबत मिळते. एवढे आम्ल माध्यमाचा बफर सहज पचवतो; तरीही कोऱ्या वेलमध्ये तेवढाच द्रावक घालायचा. खालच्या मात्रांची उतरणही याच सीरमयुक्त माध्यमात आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये करायची.

मात्रेचा अंदाज हवा असेल तर : सी२सी१२ पेशी स्नायूची वाट सोडून हाडाच्या वाटेला लागतात हे १९९४ मध्ये दाखवले गेले ते ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर. २०० नॅनोग्रॅम म्हणजे जेमतेम ८ नॅनोमोलर. मणक्याच्या शस्त्रक्रियेत अमेरिकेत २००२ पासून मान्यता असलेले हेच प्रथिन १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरने वापरतात, म्हणजे साडेसात हजार पट. तो आकडा प्लेटवर आणायचा नाही, आणि 'फक्त संशोधनासाठी' छापलेली कुपी कोणाच्या शरीराकडे न्यायची नाही.

पट्टी आली, एएलपी नाही

नवा साठा, नीट उतरण, २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलला ४० हजार पेशी, दुसऱ्या दिवशी मात्रा, ७२ तास. आलेख पुन्हा आडवा.

बहुतेक प्रकरणे इथेच सोडून दिली जातात. एक दुरुस्ती केली, फरक पडला नाही, म्हणजे ती दुरुस्ती चुकीची होती असे वाटते. फॉस्फो-स्मॅडची पट्टी हातात नसती तर इथेही तेच झाले असते. पण प्रथिन पेशीपर्यंत पोचून दार वाजवते आहे हे सिद्ध झाले होते. उरली होती मोजणी.

तिची परीक्षा अगदी स्वस्त आहे. बाजारात मिळणारे वासराच्या आतड्याचे एएलपी थोडेसे घ्यायचे. तेवढेच एकदा साध्या ट्रायटन (डिटर्जंट) बफरमध्ये आणि एकदा आपल्या लायसेटमध्ये मिसळायचे, आणि दोन्हींवर सब्स्ट्रेट (विकराने तोडले की पिवळा रंग देणारे रसायन) घालायचे. पहिल्यात काही मिनिटांत पिवळा रंग आला. दुसऱ्यात आला नाही. बाहेरून आणलेले जिवंत विकरही त्या लायसेटमध्ये गप्प बसत होते.

कारण बाटलीवरच लिहिलेले होते. फॉस्फटेज-रोधक. अल्कलाइन फॉस्फटेज हे फॉस्फटेजच आहे. त्या मिश्रणातले ऑर्थोव्हॅनाडेट फॉस्फेटची नक्कल करत विकराच्या तोंडात जाऊन बसते. शिवाय रिपामध्ये ईडीटीए होते, आणि एएलपीला काम करायला जस्त व मॅग्नेशियम लागते. ईडीटीए ते ओढून घेते. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमधला तंत्रज्ञही जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या, ट्यूबमधल्या रक्तावर एएलपी करत नाही, ते याच कारणाने. एक लायसेट दोन कामांना वापरून वेळ वाचवायचा विचार वाईट नव्हता. फक्त ती दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध होती.

मोजणी मग अशी लावली. पेशी पीबीएसऐवजी ट्रिस-सलाइनने दोनदा धुवायच्या, कारण फॉस्फेटही या विकराला अडवते आणि वेलच्या तळाशी थोडे राहतेच. १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि ०.२ टक्के ट्रायटन एक्स-१०० यांचे मिश्रण वेलला १५० मायक्रोलिटर घालायचे, एकदा उणे ८० ला गोठवून वितळवायचे. ट्रायटन वगळायचे नाही : एएलपी पेशीच्या पडद्याला नांगरलेले असते, डिटर्जंटशिवाय ते गाळाबरोबर खाली जाते आणि वरच्या द्रवात काहीच मिळत नाही. ९६ वेलच्या प्लेटमध्ये २० मायक्रोलिटर लायसेटवर १८० मायक्रोलिटर सब्स्ट्रेट. ते म्हणजे १ मोलर डायइथॅनॉलअमीन, सामू ९.८, ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि १० मिलिमोलर पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट, त्याच दिवशी बनवलेले. सब्स्ट्रेट मुळातच पिवळसर दिसले तर ते जुने झाले आहे. ३७ अंशांवर दर दोन मिनिटांनी ४०५ नॅनोमीटरला वाचन घ्यायचे आणि सरळ चढणाऱ्या भागाचा उतार वापरायचा. एकच वाचन घेऊन थांबलो तर वरच्या मात्रांत सब्स्ट्रेट संपून किंवा रंग यंत्राच्या मर्यादेबाहेर जाऊन आलेख पुन्हा खोटा सपाट होऊ शकतो. पॅरा-नायट्रोफिनॉलची प्रमाण उतरण प्रत्येक प्लेटवर लावायची आणि शेवटी आकडा एकूण प्रथिनाने भागायचा.

आता आलेख चढला.

एक शंका यानंतरही राहते : चढलेला आलेख बीएमपीचाच कशावरून? वरच्या मात्रेच्या तीन वेलमध्ये नॉगिन, या प्रथिनाला बाहेरच पकडून ठेवणारे प्रथिन, किंवा एलडीएन घालून चढ उतरतो का ते पाहायचे. ई. कोलायचे प्रथिन असेल तर एन्डोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा) आकडाही बघून ठेवायचा. सी२सी१२ मध्ये फार बिघडत नाही, पण पुढे मॅक्रोफेज (प्रतिकार करणाऱ्या भक्षक पेशी) किंवा ऑस्टिओक्लास्ट (हाड खाणाऱ्या पेशी) आले की बिघडते.

पेशीही बदलून चालत नाहीत. सी२सी१२ पूर्ण भरू दिल्या की त्या स्नायूतंतू करायला निघतात, म्हणून वाढवताना ७० टक्क्यांच्या आत नव्या प्लेटमध्ये विभागायच्या. एएलपीसाठी त्या उत्तम. खनिज साचवण्याच्या प्रयोगाला मात्र घ्यायच्या नाहीत. त्यासाठी एमसी३टी३-ई१ या उंदराच्या हाड घडवणाऱ्या पेशींचा ४ किंवा १४ क्रमांकाचा उपवंश. २४ आणि ३० खनिज जेमतेम साचवतात, आणि नावात फरक फक्त त्या आकड्याचा असतो. मानवी अस्थिमज्जेतल्या स्ट्रोमल पेशी तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड नसताना एएलपीच्या बाबतीत बीएमपी-२ ला अनेकदा दाद देत नाहीत. तिथे सपाट आलेख आला तर लगेच कुपीला दोष द्यायचा नाही.

नवी कुपी वेगळ्या लॉटची आली तर संपूर्ण उतरण एकदा पुन्हा लावायची आणि जुन्या लॉटच्या एका वाट्याशी ताडायची. शंका राहिलीच तर २०० नॅनोग्रॅम जेलवर, एकदा बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉलसह आणि एकदा त्याशिवाय, चांदीच्या रंगाने. त्याशिवायच्या रांगेत जोडी वर आणि त्यासहच्या रांगेत सुटी साखळी खाली दिसायला हवी. त्याशिवायही खालचीच पट्टी ठळक असेल, तेव्हा कंपनीला मेल टाकायचा.

जुन्या लायसेटांचे काय, हा प्रश्न शेवटी उरतो. एएलपीसाठी ती गेली. फॉस्फो-स्मॅडसाठीही उपयोगाची नाहीत, कारण ती तीन दिवसांनंतरची आहेत आणि त्यांना मिळालेली मात्रा माहीत नाही. पहिल्या प्लेटची पाने वहीत तशीच ठेवायची. मात्रेच्या रकान्यावर लाल पेनाने 'नाममात्र' एवढे लिहायचे.